उशिरा मंदावलेला जोडतारा

"पोरीचा डोळा खरा हुता. खोटा मीच ठरवला," नागसेन सर एकदा बायकोला म्हणाले. पुढे त्यांनी तो विषय काढू दिला नाही.

सर मूळचे हातकणंगल्याचे, कोल्हापुरात विज्ञान शिकवायचे. शनिवारी संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लावून मुलांना एक जोडतारा दाखवायचे. दोन सूर्य इतके जवळ, की त्यांची अंगं एकमेकांत मिसळलेली. फिरताना एक दुसऱ्याला झाकतो आणि आपल्याला दिसणारा एकच ठिपका मंदावतो. कधी, ते सरांना गणिताने आधीच ठाऊक असे. मुलांना ते सांगत नसत. वेळ कळली की डोळा तेच बघतो. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून ज्याने त्याने आपला अंदाज मांडायचा, दुसऱ्याच्या अंदाजाला नावं ठेवायची नाहीत, असा त्यांचाच नेम.

शहाण्णवच्या हिवाळ्यात तो नेम त्यांनीच मोडला. ठरल्या वेळी सरांना तारा पुरता मंद दिसला. दहावीतली मनाली म्हणाली, अजून मंदावतोच आहे. ती हटेना.

"तो मघाशीच परत उजळाय लागला. तुझ्या डोळ्यांत न्हाय बाई ते," सर म्हणाले.

पोरं हसली. मनालीने आकडे खोडले.

तिची आई मीनाबाई सल्ला विचारायला शाळेत आली. "नजरच न्हाय म्हणताय, तर सायन्सला कशाला घालू, सर?"

सरांनी नुसती मान डोलावली. मनाली कॉमर्सला गेली.

काही वर्षांनी इतरांच्या निरीक्षणांतून कळलं, तारा खरोखरच उशिरा मंदावतोय. एकाचं द्रव्य दुसऱ्यात ओघळतं, फेरी लांबते. सरांचं गणित जुनं होतं.

मनालीला कबनूरला दिलं होतं. सर हे सांगायला तिच्याकडे गेले, यंत्रमागांच्या खडखडाटात चहा प्यायले, पोराबाळांची चौकशी केली आणि परत आले. पुन्हा गेले, पुन्हा तेच.

सेवानिवृत्तीच्या समारंभाला मात्र सर्वांसमक्ष सांगायचंच, असं ठरवून ते बसले होते. त्यांच्या आधी मनाली बोलायला उठली.

"आभाळ बघायची नजर मला नव्हती. सरांनी वेळेत सांगितलं, न्हायतर भलत्याच वाटेला लागले असते. आता माझ्या लेकीलाही तेच सांगते, आपल्या डोळ्यांत न्हाय बाई ते."

टाळ्या पडल्या. सरांच्या हातात माईक दिला. समोर मनालीशेजारी बसलेली ती लेक त्यांच्याकडे टक लावून बघत होती. सरांनी माईक टेबलावर ठेवला, खांद्यावरची सत्काराची शाल त्याच्यावर ठेवली आणि खुर्च्यांच्या मधून दाराबाहेर गेले.