आंडेर की आंडोर

पणजीच्या जन्माची नोंद शोधायला मी शहाद्याच्या तहसील कचेरीत तीन खेपा घातल्या. गावचं जन्ममृत्यूचं जुनं रजिस्टर मोडीत, म्हणून मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी सोबत नेले. शेवटी शंभरेक वर्षांपूर्वीचं ते पान सापडलं. गाव तेच, बाप तिचाच, पण पुढे लिहिलेलं 'मुलगा'. पणजी तर घरात सगळ्यांत थोरली. तिचे चारही भाऊ धाकटे. मग हा मुलगा कोण?

घरी येऊन आईला विचारलं. भाकरी थापता थापता ती हसली.

"सुईननी आंडेर सांगं व्हई, लिखनारानी आंडोर आयकं."

आमच्या अहिराणीत आंडेर म्हणजे मुलगी, आंडोर म्हणजे मुलगा. लिहिणारा बाहेरगावचा असणार. त्याने एका अक्षरात पणजीचा मुलगा करून टाकला. मीही खूप हसलो.

पुढच्या खेपेला त्याच घराच्या जमिनीच्या वाटणीचा कागद निघाला, चाळीस सालाच्या आसपासचा. त्यात चार भावांची नावं होती. सरकारदरबारी मुलगा म्हणून जन्मलेल्या पणजीच्या वाट्याला तापीकाठच्या त्या काळ्या रानातला बांधसुद्धा नव्हता.

तिथे मात्र कुणाच्याही ऐकण्यात चूक झाली नव्हती.