आबांचा मुतखडा

बारामतीच्या दवाखान्यात माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, मुतखडा दुर्बिणीतून काढला. डॉक्टरीणबाईंनी तो छोट्या बाटलीत घालून माझ्या हातात दिला. "तपासायला पाठवा. कशाचा बनलाय ते कळलं की काय टाळायचं, कुठलं औषध द्यायचं ते ठरवता येईल. त्यांची एक किडनी आधीच निकामी झालीय. उरलेलीत पुन्हा खडा अडकला तर डायलिसिसची वेळ येईल." आबांना नुसती बघायला म्हणून मी बाटली दिली, आणि तिथंच घोडं अडलं.

त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात घातली ती घातलीच. इंदापूरकडं आमच्या गावी आलो, तर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बिस्किटाचा पुडा ठेवून माणूस टेकतो न टेकतो, तोच आबा बाटली काढून उजेडात धरायचे. "बघा. ह्यो हुता." मग ज्याचा त्याचा सल्ला सुरू. कुणी म्हणे टोमॅटो सोडा, कुणी म्हणे पालक, कुणाचा कुळथाच्या कढणावर भारी भरवसा. भिगवणचे एक पाहुणे तर बिअर घ्या म्हणून सांगून गेले. सगळा अंदाजपंचे कारभार. चहा करून करून मी वैतागले होते. अहो, उत्तर त्या बाटलीत आहे, ती द्या की मला!

मागितली की म्हणायचे, "देतो की. धाकट्यानं न्हाय बघितला अजून."

माझं डोकंच फिरायचं. "आबा, ही काय कुस्तीत मिळालेली ढाल आहे का मिरवायला?" ते नुसते हसायचे. मला मात्र त्या उरलेल्या किडनीची धास्ती लागून राहिली होती.

शेवटी त्यांचा धाकटा भाऊ आला. बाटली हातात फिरवत म्हणाला, "म्हंजी दादा, तुला खरंच दुखत हुतं म्हणायचं."

आबा हसले नाहीत. "तुझ्या वहिनीला इचार," म्हणाले.

तरुणपणापासून त्यांच्या कमरेतून कळ यायची. उसाला पाणी धरायचं म्हटलं की नेमकं ह्यांचं दुखतं, असं घरात सगळे हसण्यावारी न्यायचे. सासूबाई तर सरळ सोंग म्हणायच्या. ओवा दिला, गरम पाण्यानं शेकलं की झालं. त्या दुर्लक्षातच पहिली किडनी गेली. हे सगळं मी ऐकून होते, पण आबा बाटली का सोडत नाहीत ते मला तेव्हा कळलं.

सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. "व्हय," त्या दिराला म्हणाल्या, "खरंच दुखत हुतं त्यांना. मीच सोंग म्हणायची. चुकलं माझं."

मग आबांनी भावाच्या हातातून बाटली घेतली आणि माझ्यापुढं धरली. "जा पोरी, दे पाठवून."

आणि सासूबाईंकडं न बघता हळूच म्हणाले, "हे तवा म्हणली असतीस, तर दोन्ही किडन्या ऱ्हायल्या असत्या."