बसाप्पाच्या मिस्ड कॉलची यादी

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

तेव्हा मोबाइल नवे होते, बोलणं महाग होतं. लोक मिस्ड कॉलवर काम भागवत. लक्ष्मीपुरीतलं मोबाइल दुरुस्तीचं दुकान मी शून्यातून उभं केलेलं. घासाघिशीत मला कुणी हरवत नसे. टेंपोवाल्यांचा पुढारी बसाप्पा मात्र भर गिऱ्हाइकांत ओरडला होता, "पावणं, दुकान हाय का दरोडा?" सगळे हसले. ते हसणं मी विसरलो नाही — अजून तरी कुठे विसरलोय?

पुढे त्याच्याच मोबाइलचा माइक गेला. सुटा भाग पुण्याहून यायचा होता. "ठेवा, पण बंद करू नगा," तो म्हणाला. "आई चंदगडला भणीकडं हाय, आजारी. एक रिंग म्हंजे बरी. दोन आल्या की टेंपो स्टँडवर सांगावा धाडा."

त्याच संध्याकाळी साध्या कपड्यांतला पोलीस आला. टेंपोवाल्यांचा बंद तोंडावर होता. "बोलणं नको मला. बसाप्पाच्या मोबाइलवर कुणाची रिंग कधी येते, तेवढंच लिही."

नुसते नंबर, नुसत्या वेळा — त्यात कुणाचं काय जाणार? आणि खरं सांगू — मला गंमत वाटायला लागली. एक शब्द कानावर न पडता माणूस किती कळतो! रात्री नवाला घरची एक रिंग. मग तोच नंबर तीनदा — भांडले असतील? पहाटे पाचला रोज उठवणारा कोण? मोबाइल रात्री घरी नेऊन मी तर्क लढवत बसलो.

चार दिवसांनी सकाळी चंदगडहून रिंग आली. लगेच दुसरी.

मी वेळ लिहिली. सांगावा धाडला नाही.

"ह्या दोन कशाच्या?" पोलिसाने विचारलं. मला माहीत होतं — पक्कं माहीत होतं. म्हणालो, "बंदची खूण असंल की, सायेब."

दुपारी बसाप्पाला उचललं. तिसऱ्या दिवशी सोडलं, तोवर आईला अग्नी देऊन झाला होता.

तो तडक दुकानात आला. "दोन आलत्या काय?" त्याचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता.

"न्हाय. एकच." मोबाइलमधली यादी मी आधीच पुसली होती.

माझा शब्द त्याला पटला. बहीण शपथा घेत राहिली, त्याने तिच्याशी बोलणं तोडलं. अजून बोलत नाही.

तिने दोनदा रिंग दिली होती.