सोनेरी पट्ट्यांवरचं कुंकू

डिप्लोमा झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती माजिवड्याला, जुन्या कॉम्प्युटरांची देखभाल करणाऱ्या एका छोट्या कंपनीत. वाटलं होतं, स्क्रूड्रायव्हर घेऊन बिघाड शोधत फिरू. साहेबांनी हातात फूटपट्टी दिली आणि म्हणाले, "मोजमापं घेऊन ये." घरी कुणी विचारलं की मी इंजिनियर आहे असं सांगायचो, आणि दिवसभर शिंप्याचं काम करायचो.

त्यामागे कारण होतं. नव्वदीच्या दशकाचा तो मधला काळ. आमच्याकडे ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतचे कारखाने होते आणि प्रत्येकाकडे वेगळ्या पिढीचं मशीन. कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावर लांबट खाचांची रांग असते, त्या खाचांत वेगवेगळ्या कामांची कार्डं उभी खोचतात. कार्डं आणि बोर्ड यांचं बोलणं ज्या तारांवरून चालतं, त्या तारांच्या जुडीला बस म्हणतात. ही बस दर चार-पाच वर्षांनी बदलायची आणि तिच्याबरोबर खाचही. जुन्या आठ बिटांच्या काळ्या आखूड खाचा, त्यांनाच पुढे शेपूट जोडून केलेल्या सोळा बिटांच्या, मग दुमजली तपकिरी, आणि नुकत्याच आलेल्या त्या पांढऱ्याशुभ्र. आमचा माणूस ठाण्याहून कार्ड घेऊन निघायचा, दोन रिक्षा बदलून पोचायचा आणि तिथे कळायचं की खाच भलतीच. असं एकदा नाही, सतत व्हायचं. म्हणून साहेबांनी ठरवलं की प्रत्येक गिऱ्हाइकाचं मशीन उघडून बस कुठली, कार्डं कुठली, लांबी किती, व्होल्टेज किती, सगळं उतरवून आणायचं.

मला या कामाचा भयंकर राग यायचा. पण हळूहळू एक खोड लागली. झाकण न उघडताच, मागच्या पत्र्यावरून आतली बस ओळखायची आणि मग उघडून खात्री करायची. बहुतेक वेळा मी बरोबर असायचो आणि स्वतःवरच खूश व्हायचो. आपल्याला आता काही नवीन दिसायचं नाही, अशी माझी पक्की समजूत झाली होती. ती मानपाड्याला मोडली.

तिथे सूत रंगवायचा कारखाना होता. भट्ट्या, वाफ, ओल्या फरश्या, आणि एका कोपऱ्यात काचेची खोली. त्या खोलीत एक यंत्र होतं, त्याच्याखाली रंगीत सुताचा नमुना धरला की ते रंग वाचायचं, आणि शेजारचा कॉम्प्युटर सांगायचा की हा रंग आणायला कुठली पूड किती टाकायची. दोघांना जोडणारं एक परदेशी कार्ड होतं. ते मिळणं केव्हाच बंद झालेलं.

हे मशीन चालवायची एक आगरी बाई. चाळिशीची असेल. मानपाड्याचीच. कारखाना उभा आहे तिथे पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं. जमीन गेली तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळाली, आणि घरात दहावी झालेली हीच, म्हणून ही आली. आधी पॅकिंगला होती. मशीन आलं तेव्हा ते बसवायला आलेल्या परदेशी माणसाने सगळ्यांना शिकवायचा प्रयत्न केला, आणि सगळ्यांत आधी शिकली ती ही. तेव्हापासून त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. मी तिला ताई म्हणायचो, ती मला दादा.

मी गेलो तेव्हा दसरा होऊन थोडे दिवस झाले होते. शेठ मला दारातच भेटले आणि वैतागून म्हणाले, "दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर हे बंद पडतं. ऐन सीझनला! स्टॅबिलायझर बदलला, वायरिंग बदललं. आता बस. नवा कॉम्प्युटर घेतो, त्याच्याबरोबर क्लास केलेली पोरगी पण येईल. तू फक्त एवढं बघ, माझं हे कार्ड नव्यात बसेल का?"

ताई हे ऐकत उभी होती. शेठ गेल्यावर तिने मला हळूच विचारलं, "दादा, बसंल का?" तिला काय ऐकायचं होतं ते मला कळलं. कार्ड नव्यात बसलं की हिची खुर्ची गेली.

"बघतो," मी म्हणालो, आणि झाकण काढलं.

पहिला धक्का बसला तो आतल्या स्वच्छतेचा. कारखान्यातलं मशीन उघडलं की धुळीचा गोधडीसारखा थर निघतो, कधी झुरळं, एकदा तर पालीची अंडी निघाली होती. इथे धुळीचा कण नाही. पंख्याची पातीसुद्धा पुसलेली. मी मनात म्हटलं, वा! आठ बिटांची बस, माझा अंदाज बरोबर. मग मोजण्यासाठी ते परदेशी कार्ड दोन्ही हातांनी हलवून वर ओढलं, आणि माझा हात तसाच राहिला.

कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात, एकतीस एका बाजूला, एकतीस दुसऱ्या. तेवढ्याच पट्ट्या खाचेत जाऊन बोर्डाला टेकतात. त्या सबंध कडेवर लालपिवळा थर होता. काही पट्ट्यांच्या मुळाशी हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलेलं. मला वाटलं जळलं. मग वाटलं गंज. नाकाजवळ नेलं तर वास हळदीचा! दुसरं कार्ड काढलं, तेच. तिसरं, तेच. बॅटरी लावून खाचेत बघितलं तर तळाशी तांदळाचा एक दाणा, अख्खा, हळद लावलेला.

मी आयुष्यात एवढा कधी हबकलो नव्हतो. कॉम्प्युटरच्या बसमध्ये अक्षता! मी वळलो आणि जवळजवळ ओरडलो, "हे कोणी केलं?"

"मीनी," ताई स्वतःकडे बोट दाखवून म्हणाली. घाबरून नाही. चक्क कौतुकाने. "दसऱ्याला करतंय दर वर्साला. प्लग काहारून ठेवतंय आधी, तुमचेच कंपनीचे मानसानी शिकवलाय मना धूल पुसाला. मग एकेक कार्ड काहारतंय, पुसतंय, हलद-कुकू लावतंय आन परत बसवतंय."

"अहो पण आत? सगळी दुनिया टीव्हीसारख्या त्या डब्यावर कुंकू लावते, हार घालते आणि मोकळी होते!"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मीच काहीतरी अडाण्यासारखं बोललो. "दादा, देवाला कुकू कपालाला लावतान, का देवलाचे दाराला?"

तिचं चुकलं काहीच नव्हतं. सगळ्या मशीनमध्ये नेमकी ती जागा तिने हेरली होती, जिथे खरं काम चालतं, जी सोन्याची आहे. माझ्या कंपनीतल्या निम्म्या लोकांना ती जागा नीट सांगता आली नसती. आणि नेमक्या त्याच जागी ती दर दसऱ्याला ओली हळद लावत होती.

मग सगळं डोळ्यांपुढे आलं. हळद-कुंकू ओलं लावायचं, वर भट्ट्यांची वाफ, ते कधी पुरतं सुकतच नसणार. सोन्याचा मुलामा कागदाहून पातळ, खाली तांबं. दोन-तीन आठवड्यांत पट्टीतून वीज जायची बंद होणार, म्हणजे बरोबर दिवाळीच्या तोंडावर. आमची माणसं यायची तोवर थर काळपट झालेला. ती पट्ट्या घासायची, 'गंज साफ केला' असं लिहायची आणि चहा पिऊन निघून जायची. मला संताप आला. इतक्या वर्षांत एकानेही वास घेऊन बघितला नाही!

त्या संतापातच मी बोलून गेलो. मशीन का बंद पडतं, ते तिला सांगितलं. पट्टी दाखवली, हिरवा डाग दाखवला, कशावर काय चढलं तेही सांगितलं. वर्गात फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं सांगितलं.

ती ऐकत होती. मग तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं, खिडकीकडे धरलं आणि बराच वेळ बघितलं. तिचा चेहरा उतरत गेला. "म्हंजे मीनीच?" तिने विचारलं. "आन बंद परायचा तवा तर मी अजून लावायची. नवस करायची."

तेवढ्यात शेठ आत आले. "काय, बसतं का?"

मी घाईघाईने म्हणालो, "नाही बसत. हे पूर्ण लांबीचं कार्ड आहे, तेरा इंचांच्या वर. नव्या बोर्डावर या बसची खाच आहे, पण तिच्या वाटेत पंखा येतो."

"मग पुढचा तुकडा काप आणि बसव."

कार्ड कापून बसव! कसंबसं समजावलं की त्या तुकड्यावरच अर्धं सर्किट आहे, नव्याचा नाद सोडा, हेच मशीन साफ करून देतो, मग चालेल. मला मनातून आनंद झाला होता. ताईची खुर्ची वाचली होती. आता फक्त तिने गप्प बसायचं होतं.

"शेठ," ताई म्हणाली, "मशीन मीनी बिघरवला."

मी हादरलो. खुणेने नको नको म्हणत होतो, पण तिने सगळं सांगून टाकलं. शेठ आधी थक्क, मग लालबुंद. "चार वर्षं मी वीज बोर्डाच्या लोकांना शिव्या घालतोय!" असं काय काय ओरडले. आणि मग तिच्याकडे बघून एकदम थंड झाले. ती रडत नव्हती, काही नाही. नुसती उभी होती. शेठ वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "जाऊ दे. आता नको लावू. बस, काम कर."

मी स्पिरिट आणि खोडरबर घेऊन सगळ्या पट्ट्या घासल्या, खाचा ब्रशने साफ केल्या, कार्डं बसवली. मशीन सुरू झालं. एक नमुना वाचून बघायचा होता. मी उठून खुर्ची पुढे केली.

ती बसली नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून लांब उभी राहिली. "दादा, तुमी दाबा. मी सांगतंय."

"अहो ताई, असं काय करता? होतं माणसाच्या हातून."

"हातूनच झायला ना," ती म्हणाली. "म्हनून सांगतंय."

मी समजावलं, रागावलो, शेवटी हातही जोडले. तिने ऐकलं नाही. ती सांगत गेली, मी बटणं दाबत गेलो, आणि रंग अगदी तंतोतंत जुळला. पुढच्या सोमवारी ती आपणहून परत पॅकिंगला गेली. मशीनवर क्लास केलेली पोरगी आली, तिलाही ताईनेच शिकवलं, तसंच हात पाठीमागे बांधून. हे मला आमच्या ऑफिसातल्या माणसाने सांगितलं. ऐकून कसंतरीच झालं. जिने एवढ्या मायेने मशीन जपलं, ती आता त्याला बोटही लावत नव्हती.

त्यानंतर मानपाड्याला गेलो तो थेट थंडीत, शेजारच्या कारखान्याच्या कामासाठी. म्हटलं डोकावून जाऊ. ताई पॅकिंगमध्ये सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, पिशव्यांत भरत होती. मला बघून उठली, घरचं विचारलं, चहा सांगितला. मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "मशीन चालतंय का? तुमचेकडं तकरार आयली आसंल ना दिवालीला?"

मला वाटलं, हिला बरं वाटेल. मी चांगलं हसून म्हणालो, "नाही ओ ताई! एकही नाही. या दिवाळीला एकदासुद्धा बंद पडलं नाही."

"एकदाबी नाय?"

"एकदाही नाही."

तिच्या तोंडावरचा रंग उतरला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी चुकलो असेन, इंजिनियर पोरगा काहीतरी बरळला असेल, एवढी एक आशा तिने त्या दिवसापासून धरून ठेवली होती. दिवाळीला मशीन बंद पडायची ती वाट बघत होती.

"बरा झाला," ती म्हणाली, आणि खाली बसून पुढचा कोन पिशवीत भरू लागली.