पंचगंगेत सोडलेली फिल्म

स्कॅनच्या ताज्या फिल्मचा आंबट वास नाकात शिरला, की मला आजही त्या थपडेचा आवाज ऐकू येतो.

वडिलांच्या फुफ्फुसात कॅन्सरची गाठ होती. केमोनंतरची नवी फिल्म उजेडावर लावून डॉक्टरांनी विचारलं, "पहिली कुठाय? गाठ आटली का वाढली, ताडून बघायला नको?"

आत्या म्हणाली, "ती पीडा मी दादावरनं उतरून पंचगंगेत सोडली की."

"अक्कल आहे का? आता औषध बदलू का तेच देऊ?" डॉक्टर ओरडले. काकांनी आत्याच्या अशी कानाखाली वाजवली, की ती भिंतीवर आदळली. ओठ फुटून रक्त आलं. वडिलांनी धापा टाकत काकांची गचांडी धरली. "माझ्यासाठनंच केलं न्हवं तिनं! परत हात लावून बघ!"

औषध अंदाजानंच चालू राहिलं. वडील गेले.

तेव्हा सगळ्यांनी आत्यालाच दोषी धरलं. मी आज विचारतो, फिल्म हातात देताना 'ही जपा, पुढं लागणार हाय' एवढं दवाखान्यातल्या कुणाच्या तोंडून का निघालं नाही? मार आत्यानं खाल्ला आणि ते वाक्य गिळणारे अजून खुर्चीत बसून आम्हालाच अडाणी म्हणतात.