खोडलेली ओळ

मंडळी, आज जे झालं ते सांगायला लाज वाटते, तरी सांगतो.

मी अकरावीत आहे. जुनी नाणी पाहायची आणि ऑनलाइन ज्ञानकोशात त्यांचे लेख नीट करायचे, हा माझा नाद. निजामाच्या रुपयावरचा लेख तर बहुतेक मीच लिहिलाय.

काल वर्गातली सविता म्हणाली, "आमच्या आईच्या हारात तसले रुपये हायेत, बघायला ये." म्हणून आज दुपारी पुसेगावजवळच्या तिच्या तांड्यावर गेलो. काकूंनी गळ्यातला हार काढून सरळ माझ्या हातात दिला. कडी लावून ओवलेले चांदीचे रुपये. कडा झिजल्या होत्या, पण चारमिनार अजून लखलखीत. इतकं सुंदर नाणं मी फक्त फोटोत पाहिलं होतं.

"माझ्या आईनं मला दिला, मी सवीला देणार," काकू म्हणाल्या.

सविता म्हणाली, "असे रुपये हारात ओवून आई लेकीला देते, हे मी ज्ञानकोशातल्या निजामाच्या रुपयाच्या लेखात लिहिलं होतं. दोनदा. कुणीतरी खोडून टाकलं. म्हणे, पुरावा न्हाई, गावगप्पा लिहू नका."

काकूंनी मला विचारलं, "काहून खोडलं रे बाबा? आमी खोटं बोलून राहिलो का?"

खोडणारा मीच होतो. पण हार हातात धरून मी "काय माहीत, काकू," म्हणालो आणि चहा पिऊन निघून आलो.

पुराव्याचा नियम आहे, ते बराबर. पण 'गावगप्पा' हा शब्द माझा होता.

सविता, तू या ग्रुपवर आहेस. तो मीच. उद्या काकूंना सांगायला येतो. येऊ ना?