घड्याळवाल्या नानांची पोच

पुडकं आलं त्या दिवशी धरणगावच्या घरात आम्ही चौघं होतो. माझे मोठे भाऊ घड्याळवाले नाना, त्यांची बायको तापीवहिनी, शेजारचे सुपडूभाऊ आणि मी. मी असोद्याहून सकाळच्या एसटीने आले होते. पुढे नाना वारले, मागोमाग वहिनी गेल्या. राहिलो सुपडूभाऊ आणि मी. मी चौथीपर्यंत शिकले. जसं बोलते तसंच लिहिते.

नाना काही विकत घेताना वस्तूकडे आधी बघतच नसत. विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून एकच विचारत, "यामा खोट काय शे?" शेळी असो, पितळी हंडा असो की पारोळ्याच्या बाजारातली वांगी. वांगेवाली एकदा चिडली. म्हणाली, "नाना, वांगं शे, नवरदेव नही." नाना हसले, पण तिने दोन वांगी किडकी आहेत म्हटल्यावरच पिशवी उघडली. म्हणायचे, "जो सोतानी खोट सांगस, त्यानाच माल लेवाना." गावात कोणाला काही मोठं घ्यायचं असलं की तो आधी नानांना बरोबर नेई.

दुसरी सवय पोच देण्याची. काहीही आलं की ते मिळाल्याचं त्याच दिवशी कळवायचं. मी असोद्याहून एसटीवाल्याकडे पापडांचा डबा दिला, तर संध्याकाळी फोन आला, "पापड मिळनात. भलता चांगला शेतस." मी विचारलं, मीठ जास्त नाही ना झालं? तर म्हणाले, "डबा अजून उघडाना शे." मग समजावून सांगितलं, "धाडनाराना जीव टांगेल ऱ्हास, बाई. पहिले पोच." तेव्हा मी खूप हसले होते.

आता माळेचं सांगते. आईने मला लग्नात चांदीच्या राणीछाप रुपयांची माळ घातली होती. बारा रुपये, बाराही एकाच सालाचे. तिच्या वडलांनी एकेक जमवलेले. पुढे आई धुळ्याच्या दवाखान्यात पडली, तेव्हा सासरी न विचारता मी माळ खर्चासाठी नानांच्या हातात दिली. नानांनी विकायला एकच रुपया काढला, बाकी माळ परत माझ्या गळ्यात घातली. आई वाचली नाही. बाराव्या जागी नुसती गाठ राहिली. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर नाना म्हणाले, "तुना बारावा मी आणी देसू." त्याला चाळीस वर्षं झाली. मी कधी आठवण करून दिली नाही. ते विसरले नाहीत.

हातातल्या घड्याळांचा धंदा बसला, तसे नाना जुन्या नाण्यांत रमले. रुपये पुष्कळ मिळायचे, पण ते साल मिळत नव्हतं. त्यात काचबिंदू झाला. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपा. भिंग लावूनही नाण्यावरची बारीक रेघ दिसेना. तेव्हा सुपडूभाऊंनी फोनवरचा लिलाव दाखवला. बाजार समितीत कापसाची बोली कानावर पडते, बोलणारा समोर दिसतो. इथे सगळं मुकं. नाना म्हणाले, "नानं दिसत नही, पन मानूस तर वळखता येस."

फोनवर माणूस कसा ओळखायचा, तेही त्यांनी ठरवलं. अक्षरं मोठी करून विकणाऱ्याच्या नावाखालचे शेरे एकेक वाचायचे. मग त्याला निरोप धाडायचा, यात खोट काय आहे? बहुतेक जण उत्तरच देत नसत. एकाने दिलं. त्याच्याकडून आधी तांब्याचे दोन पैसे घेतले. कडेला चीर आहे म्हणाला होता, तशी ती होती. मग त्याच्याकडे आमचं साल निघालं. नानांनी खोट विचारली. त्याने लिहिलं, मागच्या बाजूला काळा डाग आहे, घासू नका. नानांनी फोन मांडीवर ठेवला. "हाऊ मानूस खरा शे," म्हणाले. नावाखाली शेकडो लोकांनी चांगलं लिहिलेलं होतं. नानांनी बोली लावली आणि रुपया त्यांना मिळाला.

पुडकं आलं. नानांनी ते मांडीवर घेतलं आणि आधी फोन मागितला.

वहिनी म्हणाल्या, "पहिले फोडा तरी."

"दूरना मानूस शे. त्याना जीव टांगेल व्हई."

विकणाऱ्याला पाच चांदण्या दिल्या आणि सुपडूभाऊंकडून लिहून घेतलं, मिळाले, आभारी आहे, विश्वासू माणूस. खाली स्वतःचं नाव आणि गाव. मग दोरा सोडला. रुपया माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ले, बाई."

काळा डाग होता. साल तेच होतं. मी तो माळेतल्या रुपयावर सहज वाजवून पाहिला. अकरा रुपये पन्नास वर्षं माझ्या गळ्यात वाजलेत. हा वाजला तो मडक्यावर खडा मारल्यासारखा. मी तो मुठीत झाकला. पण नानांचे डोळे गेले होते, कान नव्हते.

"पुन्हा वाजाड," म्हणाले.

मी वाजवला. त्यांनी तराजू मागवला. वजन कमी भरलं. वहिनींनी चहा आणला, तो तसाच गार झाला.

सुपडूभाऊंनी लिलाववाल्यांकडे तक्रार लिहिली. उत्तर आलं, माल मिळाला, माणूस विश्वासू आहे, असं तुम्हीच लिहिलंय. विकणारा तेच म्हणाला. लिहिलेलं पुसताही येईना. त्या दुपारी नानांनी नावाखालचे सगळे शेरे परत वाचून घेतले. मिळाले. धन्यवाद. मिळाले. वेळेवर आले. नाणं कसं निघालं ते एकानेही लिहिलेलं नव्हतं. नाना म्हणाले, "बठ्ठासनी नुसती पोच दियेल शे."

मी म्हटलं, असू द्या, ओवून घेते, कोणाला कळतं? नाना म्हणाले, "खोटं गयामा नको घालू." मग मी तो ओवला नाही.

महिन्याभराने पारोळ्याच्या एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. आनंदाने सांगत होते, "नाना, तुमचं नाव खाली दिसलं, म्हणून त्याच माणसाकडून रुपया डोळे मिटून घेतला." नानांनी त्यांना खरं सांगितलं. मास्तरांनी फोन ठेवून दिला. त्यानंतर नाना कोणाबरोबर बाजाराला गेले नाहीत. कोणी विचारायला आलं तर म्हणत, "माले नका विचारू." वांगी वहिनीच आणायच्या. फोन त्यांनी परत हातात धरला नाही.

शेवटी मी उशाशी होते. तेव्हा त्यांना काहीच दिसत नव्हतं. माझी माळ चाचपून गाठीवर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून पडून राहिले.

माळ तशीच आहे, अकरा रुपये आणि एक गाठ. सुपडूभाऊ मधूनमधून फोन उघडून दाखवतात. तो माणूस अजून विकतो आहे. त्याच्या नावाखाली आमचे नाना अजून म्हणताहेत, विश्वासू माणूस. ते कोणालाच पुसता येत नाही.

वाचणाऱ्यांना एवढंच मागणं. जुन्या नाण्यांच्या लिलावात धरणगावच्या घड्याळवाल्याने कोणाला विश्वासू म्हटलेलं दिसलं, तर ते खरं धरू नका. नानांनी तेव्हा पुडकं उघडलेलं नव्हतं.